फ्लुरोसंट प्रोब (कर्करोग संशोधन)

पेशीतील एखादा ठरावीक रेणू किंवा विकर (एन्झाइम) हेरून आपला प्रकाश बदलणारे रसायन म्हणजे फ्लुरोसंट प्रोब. त्यावर एका रंगाचा प्रकाश टाकला की तो जास्त तरंगलांबीचा, वेगळ्या रंगाचा प्रकाश देतो. कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींतून वेगळ्या दिसाव्यात म्हणून असे प्रोब घडवतात. सदैव चमकणारे रसायन साऱ्या ऊतीत पसरले तर गाठ त्या उजेडातच हरवते. त्यामुळे लक्ष्य गाठेपर्यंत रेणू विझलेला कसा ठेवायचा, यावरच रसायनशास्त्रज्ञांचे सर्वाधिक डोके खर्ची पडते.

टोकियो विद्यापीठातील यासुतेरू उरानो आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील हिसाताका कोबायाशी यांच्या गटाने 2011 मध्ये मांडलेला प्रोब हे याचे फार देखणे उदाहरण आहे. त्यांनी ऱ्होडामाइन गटातील एका रंगद्रव्याला ग्लुटामिक आम्ल जोडले. त्या जोडणीमुळे रेणूच्या आत एक वलय मिटते आणि तो रंगहीन होतो. अनेक कर्कपेशींच्या बाह्य आवरणावर गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज हे विकर मोठ्या प्रमाणात असते. ते ग्लुटामिक आम्ल तोडते, वलय उघडते आणि हिरवा प्रकाश दिसू लागतो. मोकळे झालेले रंगद्रव्य पेशीत शिरून लयकारिकांमध्ये (पेशीतील पचनाच्या पिशव्यांमध्ये) साठते, म्हणून चमक जागच्या जागी टिकते. उंदरांच्या उदरपोकळीत पसरलेल्या अंडाशयाच्या कर्करोगावर हे द्रावण फवारल्यावर मिनिटभरातच गाठी उजळू लागल्या.

मात्र हे विकर प्रत्येक कर्करोगात वाढलेले नसते, आणि निरोगी मूत्रपिंडात ते मुळातच भरपूर असते. शिवाय हिरवा प्रकाश ऊतीत खोलवर पोहोचत नाही, कारण रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते. खोलवरच्या गाठींसाठी सुमारे 650 ते 900 नॅनोमीटर पट्ट्यातील, म्हणजे गडद लाल ते अवरक्त प्रकाशाची रंगद्रव्ये सोयीची पडतात.

प्रोब शस्त्रक्रियागृहात पोहोचण्याचा मार्ग लांबचा असतो. फोलेट ग्राहीला (फोलेट हे जीवनसत्त्व पकडणाऱ्या पेशीवरील प्रथिनाला) चिकटणाऱ्या पॅफोलासियानिन या प्रोबला अमेरिकेत 2021 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते विकराने पेटत नाही, ग्राहीपाशी साठते. विकरांनी तुटल्यावर चमकणाऱ्या पेग्युलिसियानिनला 2024 मध्ये स्तनाच्या कर्करोगातील शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. गाठ काढल्यावर पोकळीत उरलेल्या कर्कपेशी त्याने शोधता येतात. पण क्वचित तीव्र ॲलर्जीचा धोका असल्याने ते देताना रुग्णावर बारीक लक्ष ठेवावे लागते.