सर्वश्रेष्ठ एन्ड्युरन्स गाडी कोणती? वादामागची पार्श्वभूमी

एन्ड्युरन्स म्हणजे तासन्तास चालणाऱ्या शर्यती. त्यांतली सर्वश्रेष्ठ गाडी कोणती, हा वाद निघाला की आधी नावं येतात ती ले मान्सच्या विजेत्यांची. फ्रान्समधल्या या शहरात 1923 पासून 24 तासांची शर्यत होते. वाद मिटत नाही याचं मूळ नियमपुस्तकात आहे. इंजिनाचा आकार, वजन, इंधन यांच्या मर्यादा वारंवार बदलत गेल्या आणि प्रत्येक मोठी गाडी तिच्या काळच्या नियमांतून घडली. म्हणून वेगवेगळ्या काळातल्या गाड्यांचे नुसते वेग ताडून काही ठरत नाही. गाडी दुरुस्तीसाठी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, किती वेळ अडकली आणि खासगी संघांच्या हाती गेल्यावरही जिंकली का, हे आम्ही आधी पाहतो.

1966 ते 1969 ही चार वर्षं फोर्ड जीटी40 मालिकेची. 1968 साली इंजिनांवर मर्यादा आली आणि सात लिटरच्या गाड्या बाद झाल्या. तेव्हा जॉन वायर यांच्या संघाने लहान इंजिनाची जुनीच जीटी40 उतरवली. 1075 क्रमांकाची तीच चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा) 1968 आणि 1969, दोन्ही वर्षं जिंकली. दुसऱ्या वेळी 24 तासांनंतर दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीशी अंतर होतं जेमतेम सव्वाशे मीटर.

पोर्शे 917 मात्र नियमातल्या एका वाटेने आली. 25 गाड्या बनवून दाखवल्या तर पाच लिटरपर्यंतचं इंजिन चालत होतं. पोर्शेने एप्रिल 1969 मध्ये खरोखरच 25 गाड्या ओळीने उभ्या केल्या. हवेने थंड होणारं 12 सिलिंडरचं साडेचार लिटरचं इंजिन, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा. या नळ्यांत दाबाखाली वायू भरलेला असे. दाब उतरला की कुठेतरी वेल्डिंगला तडा गेला आहे हे कळायचं. पण वेग वाढला की गाडीची मागची बाजू हलकी व्हायची, सरळ रस्त्यावरही ती भटकायची. 1969 च्या ले मान्समध्ये पहिल्याच लॅपला (फेरीला) जॉन वुल्फ यांचा 917 मध्ये मृत्यू झाला.

उत्तर सापडलं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगच्या चाचणीत. गाडीच्या अंगभर चिलटं चिकटली होती, पण मागचे स्पॉयलर (हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणाऱ्या पट्ट्या) स्वच्छ होते. म्हणजे हवा तिथपर्यंत पोचतच नव्हती. वायर यांच्या संघातले इंजिनिअर जॉन हॉर्समन यांनी ॲल्युमिनियमचे पत्रे जोडून तिथेच शेपूट उंचावलं आणि गाडी ताळ्यावर आली. त्यातूनच आखूड शेपटीची 917के घडली. 1970 आणि 1971 चं ले मान्स 917 ने मारलं. 1971 मध्ये कापलेल्या 5,335 किलोमीटरचा विक्रम 2010 पर्यंत टिकला. 1972 पासून तीन लिटरची मर्यादा आली आणि जागतिक मालिकेतली तिची कारकीर्द तिथेच संपली.

1982 च्या ग्रुप सी या वर्गाच्या नियमांनी बंधन घातलं ते इंधनावर. टाकी 100 लिटरची आणि ले मान्सच्या 24 तासांसाठी एकूण 2,600 लिटर. म्हणजे लिटरमागे दोन किलोमीटरच्या आसपास अंतर काढायचं, तेही जिंकण्याच्या वेगाने. पोर्शे 956 याच हिशेबावर बेतलेली होती: 2.65 लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन-टर्बो (जादा हवा दाबून भरणारे दोन टर्बो असलेलं) इंजिन, सिलिंडर हवेने आणि हेड पाण्याने थंड होणारे, आणि गाडीच्या तळाखालची हवा तिला रस्त्याला दाबून धरणारी. पहिल्याच वर्षी पहिले तिन्ही क्रमांक तिचे. 1983 मध्ये पहिल्या दहांतल्या नऊ गाड्या 956 होत्या. त्या वर्षी विजेत्या गाडीचं दार उडालं होतं, इंजिन तापत गेलं आणि अखेरच्या लॅपला क्षणभर अडकलंही, तरी ती पोचली.

1985 मध्ये इंधन घटून 2,210 लिटरवर आलं. योस्ट या खासगी संघाने आदल्या वर्षी जिंकलेलीच चॅसी पुन्हा उतरवली. सुरुवातीला दुसऱ्या एका खासगी 956 शी पाळीपाळीने पुढे-मागे धावत, एकमेकींच्या आडोशाने पेट्रोल वाचवलं. कमी इंधनात ही गाडी जिंकली आणि 1983 च्या विजेतीपेक्षा जास्त पळाली. 962 ही तिचीच पुढची आवृत्ती. चालकाचे पाय पुढच्या ॲक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या आसाच्या) मागे असले पाहिजेत, या अमेरिकी नियमामुळे तिच्यात चाकांमधलं अंतर वाढवलं. 1986 आणि 1987 तिने जिंकलं.

ऑडी आर8 चं बळ दुरुस्तीत होतं. गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनसह मागचा सगळा भाग काढून नवा बसवायला साधारण पाच मिनिटं लागत. 2000, 2001, 2002, 2004 आणि 2005 अशी पाच ले मान्स तिच्या नावावर आहेत. त्यातली शेवटची दोन जपानच्या गो आणि अमेरिकेच्या चॅम्पियन या संघांनी मिळवली. पण त्या काळात तोडीचे कारखाना-संघ (गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे संघ) फारसे नव्हते, हे विसरून चालणार नाही.

पिस्टनऐवजी चार फिरत्या रोटरच्या इंजिनाची माझ्दा 787बी (1991) लोकांची लाडकी आहे आणि तिचा आवाज विसरण्यासारखा नाही, पण तिच्याकडे मोठा विजय एकच. टोयोटा टीएस050 ने 2018 ते 2020 सलग जिंकलं. 2016 मध्ये मात्र टर्बो आणि इंटरकूलर (हवा थंड करणारा भाग) यांच्यामधल्या हवेच्या नळीचा जोड निकामी झाला आणि शेवटच्या मिनिटांत आघाडीवरची गाडी थांबली.

आमचा कौल 956/962 ला. सर्वांत वेगवान 917 असेल, पण इंधन कापलं गेलं, संघ बदलले, नियम बदलले, तरी ही जोडी जिंकत राहिली. 1994 मध्ये रस्त्यावर चालवण्यास मंजूर झालेली डाउअर 962 जीटी वर्गात (रस्त्यावरच्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांच्या) उतरली. त्या वर्गाला 120 लिटरची टाकी मिळायची, प्रोटोटाइपना, म्हणजे फक्त शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांना, 80 लिटरची. पिटच्या खेपा वाचल्या आणि पहिल्या विजयानंतर 12 वर्षांनी याच घराण्याची गाडी पुन्हा ले मान्स जिंकली.