चिकटतं म्हणून डाग पडतो

हिरड्यांच्या ऑपरेशननंतर टाके काढायला आलेला पेशंट बऱ्याचदा हिरड्यांबद्दल विचारतच नाही. ओठ खाली ओढून पुढचे दात दाखवतो आणि म्हणतो, "हे काळं काय झालंय?" दात हिरडीत शिरतो तिथे तपकिरी रेघ असते, दोन दातांच्या फटीत ती आणखी गडद होते आणि आतून, जिभेच्या बाजूला, तर पट्टाच उमटलेला असतो. नखाने खरवडून निघत नाही. दात किडले की काय, ही पहिली भीती. पण दात धडधाकट असतात. ही करामत माउथवॉशची, आणि तिला साथ चहा-कॉफीची.

या ऑपरेशनमध्ये, म्हणजे फ्लॅप सर्जरीत, हिरडी दातापासून सोडवतात, मुळांवरचं कीटण साफ करतात आणि हिरडी पुन्हा जागेवर बसवून टाके घालतात. पुढचा आठवडा-दोन आठवडे त्या जागी ब्रश लावायचा नसतो. जंतू मात्र थांबत नाहीत; साफ दातावर काही तासांतच त्यांची वस्ती सुरू होते. म्हणून तेवढ्या दिवसांसाठी ब्रशचं काम क्लोरहेक्सिडीनकडे, म्हणजे त्या माउथवॉशमधल्या जंतुनाशकाकडे सोपवतात. ०.२ किंवा ०.१२ टक्क्यांचं द्रावण, दिवसातून दोनदा.

हे औषध मुळात दातांसाठी जन्मलेलं नाही. ब्रिटनच्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत मलेरियावरच्या औषधांचं संशोधन चालू होतं, त्या वाटेवर ते सापडलं आणि १९५४ मध्ये त्वचेसाठी, जखमांसाठी जंतुनाशक म्हणून वापरात आलं. तोंडातली त्याची ताकद दिसली ती १९७० मध्ये. डेन्मार्कमध्ये काम करणारे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही माणसांना दात घासणं चक्क बंद करायला लावलं आणि ०.२ टक्क्यांच्या द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरायला सांगितलं. ब्रश न लावताही दातांवर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, जमला नाही, हिरड्या सुजल्या नाहीत.

जंतू मारणारी द्रावणं इतरही आहेत. मग हेच का? कारण हे चिकटतं. दातावर लाळेतल्या प्रथिनांचं एक पातळ अस्तर कायम असतं आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो. क्लोरहेक्सिडीनच्या लांबट रेणूला दोन्ही टोकांना धन भार. चूळ थुंकून टाकली तरी औषधाचा बराच भाग दातांना, जिभेला, गालांच्या आतल्या त्वचेला धरून राहतो आणि जवळजवळ बारा तास जंतूंना पाय रोवू देत नाही. सकाळी एक, रात्री एक चूळ पुरते ती यामुळेच.

आता हा रेणू एका टोकाने दाताला धरून बसलाय आणि दुसरं टोक मोकळं आहे, असं डोळ्यांसमोर आणा. कडक चहाच्या घोटानंतर जीभ तुरट, कोरडी पडते, ती चहातली टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतात म्हणून. त्यांना धरायला क्लोरहेक्सिडीनचं मोकळं टोकही चालतं. दोघं मिळून जो तपकिरी साका दातावर बसतो, तोच डाग. ब्रिटिश दंतशास्त्रज्ञ मार्टिन ॲडी यांनी दाताऐवजी पारदर्शक ॲक्रिलिकच्या चकत्या घेऊन हे दाखवलं. चकती आधी लाळेत, मग क्लोरहेक्सिडीनमध्ये, मग चहात, आणि हेच पुन्हा पुन्हा. औषध लागलेल्या चकत्या भराभर तपकिरी होत गेल्या. प्रथिनं करपल्यासारखी तपकिरी होत असावीत, असंही स्पष्टीकरण कधीकाळी पुढे आलं होतं. पण चहा-कॉफी-रेड वाइनकडे बोट दाखवणारा पुरावा जास्त भक्कम आहे.

थोडक्यात, औषध ज्या गुणामुळे चालतं त्याच गुणामुळे डाग पडतो. त्यामुळे 'डाग न पाडणारं क्लोरहेक्सिडीन' असं लेबल दिसलं की मला आधी शंका येते, की हे दाताला पुरेसं चिकटतंय ना? अशा काही द्रावणांचे निकाल बरे आहेत, काहींचे नाहीत. दोन आठवड्यांचाच प्रश्न असेल तर मी डाग पत्करेन.

डाग पाहून लोक दोन चुका करतात. एक, माउथवॉश परस्पर बंद करतात. दुसरी जास्त वाईट: टाक्यांच्या जागीच ब्रश घासायला लागतात. त्यापेक्षा क्रम सांभाळावा. चहा आधी, मग साध्या पाण्याची चूळ, औषध त्यानंतर. औषधावर लगेच काही खाऊ-पिऊ नये, पाण्याने तोंडही धुऊ नये. रात्रीची चूळ अगदी झोपण्यापूर्वी भरली की निदान सकाळपर्यंत दात आणि चहाची गाठ पडत नाही. बाकीचे दात पेस्टने घासत असाल तर पेस्ट आणि माउथवॉशमध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. पेस्टला फेस आणणाऱ्या रसायनावर ऋण भार असतो. ते क्लोरहेक्सिडीनला तोंडातच पकडून निकामी करतं. जेवण अळणी लागायला लागलं तर मीठ वाढवत बसू नका. हे औषध खारट चव काही काळ बोथट करतं, चूळ थांबली की ती परत येते.

जिभेवरचा तपकिरीपणा औषध थांबल्यावर आपोआप जातो. दातांवरचा डाग इनॅमलच्या आत शिरलेला नसतो, वरवरचा असतो. हिरडी भरून आली की डेंटिस्ट फिरत्या रबरी कपाने आणि खरखरीत पेस्टने तो थोड्या वेळात उतरवतात. हट्टी ठरते ती एकच जागा: दाताच्या रंगाचं जुनं फिलिंग जिथे दाताला मिळतं ती खडबडीत कड. तिथला डाग पॉलिशिंगनेही निघाला नाही तर फिलिंगच बदलावं लागतं. पुढच्या दातांत अशी फिलिंग्ज असतील तर ऑपरेशनआधीच डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवलेलं बरं.