कापडावरील घरगुती चित्रमुद्रण

छायाचित्र, रेखाटन किंवा अक्षरे घरच्या घरी कापडावर उमटवून ते तुकडे क्विल्टच्या, म्हणजे थर एकत्र शिवून केलेल्या पांघरुणाच्या, वरच्या थरात जोडण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिका व ब्रिटन येथील क्विल्टकामात रूढ आहे. महाराष्ट्रातील गोधडी अथवा वाकळ जुन्या लुगड्यांची, धावदोऱ्याने शिवलेली असते. तिच्यावरची नक्षी लुगड्याबरोबर आलेली, वेगळी छापलेली नव्हे.

पद्धतीचा आरंभ कोठे धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. अमेरिकेत १८४० च्या सुमारास स्वाक्षऱ्यांची क्विल्ट लोकप्रिय झाली. त्यांत नावे शाईने लिहीत किंवा शिक्क्याने उठवीत. लोहयुक्त शाईने कापड कुजून काही क्विल्टमध्ये अक्षरांच्या जागी भोके उरली आहेत. मात्र शिक्का हे हस्तलेखनाचेच यांत्रिक रूप असल्याने, प्रकाशाच्या क्रियेने उमटलेल्या चित्रापासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. तसे मानल्यास मूळ नीलमुद्रणात, म्हणजे सायनोटाइपमध्ये सापडते.

सायनोटाइपचा शोध ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लावला. ब्रिटिश वनस्पति-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून शेवाळांच्या चित्रांसाठी तो वापरला, पण कागदावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापडावरील निळी छायाचित्रे क्विल्टमध्ये आढळू लागतात. फेरिक अमोनियम सायट्रेट (सुमारे २५%) व पोटॅशियम फेरिसायनाइड (सुमारे १०%) यांची द्रावणे समभागात मिसळून मंद उजेडात कापडाला लावतात आणि ते अंधारात वाळवतात. त्यावर पारदर्शक फिल्मवरील ऋणचित्र (निगेटिव्ह) किंवा झाडाचे पान ठेवून उन्हात धरल्यास जंबुपार किरणांनी फेरिक लोहाचे फेरस लोह होते, त्याची फेरिसायनाइडशी क्रिया होऊन प्रशियन निळा बनतो. उरलेले क्षार पाण्याने धुऊन जातात. फेरिसायनाइडच्या नावाने धसका घेण्याचे कारण नाही, त्यातील सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते; तीव्र आम्लापासून मात्र ते दूर ठेवावे.

या निळ्या रंगाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. बर्लिनमधील रंगनिर्माते डीसबाख यांच्या हातून तो अपघाताने तयार झाला. जुन्या ग्रंथांत १७०४ हे वर्ष येते. उपलब्ध पत्रव्यवहार पाहता १७०६ च्या आसपासचा काळ अधिक संभाव्य वाटतो. कृती १७२४ पर्यंत गुप्त होती. फेरस क्षार व फेरिसायनाइड यांपासून मिळणारा ‘टर्नबुल निळा’ हा निराळा पदार्थ आहे, असे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ शिकवले जाई. विसाव्या शतकातील संरचना-अभ्यासानंतर दोन्ही मूलतः एकच मानले जातात.

प्रशियन निळा अल्कली सहन करीत नाही. धुण्याचा सोडा असलेल्या पावडरीने चित्र पिवळट तपकिरी पडते. उन्हाने फिके झालेले चित्र अंधारात ठेवल्यास हवेतील ऑक्सिजनमुळे बरेचसे पूर्ववत होते. आपल्याकडे वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत पूर्वी चालणारे ‘अमोनिया प्रिंट’ ही मात्र वेगळी, डायझो पद्धत. या नीलमुद्रणाशी तिची गफलत होते.

इंकजेट छपाई संगणक घरोघरी आल्यानंतरची. एका बाजूस प्लॅस्टिकचा लेप असलेला कागद इस्त्रीने सुती कापडाच्या मागे चिकटवून ते कडक करतात, कडेचे सुटे धागे छाटतात आणि ते प्रिंटरमधून काढतात. रंगद्रव्याची (पिगमेंट) शाई रंजकाच्या (डाय) शाईपेक्षा पाण्यात अधिक टिकते. रंजकाच्या शाईसाठी कापडावर आधी रासायनिक प्रक्रिया करावी लागते. लेसर प्रिंटरमध्ये हा कागद घालू नये, आतील उष्णतेने लेप वितळतो. इस्त्रीने उठवायच्या ट्रान्सफर कागदावर चित्र उलटे छापावे लागते. त्याचा थर रबरासारखा असून त्यावर टाके घालणे अवघड जाते.