फिरता निधी आणि न फिरणारा पैसा: अमेरिकेतील पेयजल कर्जांची पार्श्वभूमी

अमेरिकेत नळपाणी योजनांना कमी व्याजाने कर्ज देणारा राज्यांचा फिरता निधी १९९६च्या कायदादुरुस्तीतून आला. सांडपाण्यासाठी असाच निधी १९८७पासून होता. त्याआधी सांडपाणी प्रकल्पांना १९७२च्या कायद्यानुसार खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळे. तो भार हलका करायला कर्जाची वाट काढली गेली. पिण्याच्या पाण्याच्या वाट्याला एवढे मोठे अनुदान कधी आलेच नव्हते. १९७४च्या कायद्याने निकष घातले, १९८६मध्ये ते कडक झाले, पण ते पाळण्याचा खर्च बहुतांशी पाणीपट्टीवरच पडत राहिला. १९९३मध्ये मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून निसटलेल्या क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले आणि पैशाचा प्रश्न टाळता येईना.

निधीची रचना चांगली आहे. केंद्र भांडवल देते, राज्य त्यात २० टक्के भर घालते. बाजारापेक्षा कमी, प्रसंगी शून्य व्याजाने कर्ज जाते आणि हप्ते परत आले की पुढच्या गावाला मिळतात. दहा हजारांहून कमी लोकांना पाणी पुरवणाऱ्या योजनांसाठी कर्जाच्या रकमेतला किमान १५ टक्के वाटा राखीव आहे.

अडचण व्याजापाशी नाही, मुद्दलापाशी आहे. दोनशे घरांच्या गावाने शुद्धीकरण केंद्र बांधले, तर बिनव्याजी कर्जाचाही हप्ता प्रत्येक घराच्या बिलात जड पडतो. म्हणून कायद्यात मुद्दलमाफीची सोय ठेवली गेली, पण ती फक्त ‘वंचित समुदायां’साठी आणि सुरुवातीला केंद्रीय भांडवलाच्या ३० टक्क्यांपर्यंतच. वंचित कोण, हे ठरवायचे राज्यांवर सोडले. कुठे मध्यम घरगुती उत्पन्न पाहतात, कुठे उत्पन्नाच्या तुलनेत पाणीपट्टी, कुठे बेरोजगारी. काही राज्यांनी लोकसंख्येची कमाल मर्यादा घातली आणि मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्या बाहेर राहिल्या. सगळ्या शहराची सरासरी काढली की गरीब भाग त्यात दिसेनासा होतो. राज्यांची परिस्थिती वेगवेगळी असल्याने व्याख्याही वेगळ्या हव्यात, हे म्हणणे रास्त आहे. तरी सारख्याच परिस्थितीतल्या दोन गावांपैकी एकाला माफी आणि सीमेपलीकडच्याला पूर्ण परतफेड, याचे समर्थन करणे कठीण आहे. २०२२मध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण यंत्रणेने (ईपीए) राज्यांना व्याख्या पुन्हा तपासायला सुचवले, सक्ती नव्हती.

माफीला पहिल्यापासून विरोध आहे तो निधी चालवणाऱ्यांचा. माफ केलेला डॉलर परत येत नाही, त्यामुळे पुढच्या पिढीसाठी निधी आटतो, असे ते सांगतात. हिशेब बरोबर आहे. पण ज्या गावाला कर्ज झेपतच नाही ते अर्जच करत नाही, आणि मग निधी पुन्हा पुन्हा ऐपतदार गावांतच फिरतो. २००९च्या मंदीत या निधीला दिलेल्या २ अब्ज डॉलरपैकी किमान निम्मी रक्कम माफी, अनुदान किंवा उणे व्याजाच्या (घेतल्यापेक्षा कमी परतफेडीच्या) रूपाने देण्याची अट घातली गेली. २०१४मध्ये मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराच्या नळांत शिसे उतरले. २०१७मध्ये त्या शहराला १० कोटी डॉलर मिळाले ते याच निधीच्या मार्गाने, शिवाय आधीचे सुमारे २ कोटींचे कर्जही माफ झाले.

२०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच वर्षांसाठी या निधीत सुमारे ३० अब्ज डॉलर ओतले: सर्वसाधारण कामांना ११.७ अब्ज, शिशाच्या नळजोडण्या बदलायला १५ अब्ज, पीएफएएस (सहजी न विघटणारी कृत्रिम रसायने) यांसारख्या नव्या प्रदूषकांसाठी ४ अब्ज. पहिल्या दोन्हींतले ४९ टक्के परतफेडीविना द्यायचे. तिसरी रक्कम तर पूर्णपणे तशीच.

त्याच सुमारास निधीच्या नियमित वार्षिक तरतुदीला दुसरीकडून गळती लागली. २०२२च्या आर्थिक वर्षापासून लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या ठरावीक प्रकल्पांची अनुदाने या तरतुदीतूनच वळती होऊ लागली. २०२३मध्ये सुमारे १.१३ अब्ज डॉलरपैकी निम्म्याहून अधिक रक्कम तशी गेली. हा पैसाही परत येत नाही आणि त्यासाठी वंचित असण्याची अटही नाही. माफीवर आक्षेप घेणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.

२०२३मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पेयजल योजनांच्या कामांची वीस वर्षांची गरज ६२५ अब्ज डॉलर निघाली. २०२१च्या कायद्याची पाच वर्षे २०२६च्या आर्थिक वर्षाबरोबर संपतात. शिशाच्या नळजोडण्या बदलण्यासाठी २०२४च्या नियमाने बहुतेक योजनांना दिलेली दहा वर्षांची मुदत २०२७च्या नोव्हेंबरपासून मोजली जाणार आहे.