हिमरॉड की इंटरलेकन? आधी आपली थंडी ओळखा

अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात परसात बिनबियांची द्राक्षं लावायची म्हटलं की नर्सरीच्या यादीत ही दोन नावं हमखास शेजारी-शेजारी असतात. दोन्ही पांढरी, दोन्ही लवकर येणारी, दोन्हींच्या लेबलवर ‘थंडी सोसणारी’. गोंधळ व्हायचाच, कारण या सख्ख्या बहिणी आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या कृषी संशोधन केंद्रात ओंटारिओ ही अमेरिकी जात आणि आपल्या नाशिक-सांगलीला घरच्यासारखी झालेली थॉम्पसन सीडलेस यांच्या संकरातून दोन्ही निघाल्या. इंटरलेकन १९४७ला प्रसारित झाली, हिमरॉड १९५२ला.

घड हातात घेतला की फरक कळतो. हिमरॉडचा घड लांब आणि मोकळा, मणी सोनेरी, चव मधाळ. इंटरलेकनचा घड गच्च, मणी लहान, साल गराला घट्ट चिकटलेली. गच्च घडात पावसाचं पाणी अडकतं आणि आतून कूज सुरू होते. मोकळ्या घडाला ती धास्ती कमी. उलट हिमरॉडचा देठ वाळला की ठिसूळ होतो आणि मणी झडायला लागतात. त्यामुळे हिमरॉड तोडा आणि खा. साठवणीचं फळ नव्हे ते.

पण वेल निवडताना घडापेक्षा थंडीकडे बघावं. ‘थंड प्रदेश’ या एका शब्दात दोन वेगळ्या अडचणी असतात. एक, हिवाळ्यातला नीचांक, जो डोळे (फुटीच्या कळ्या) आणि खोड मारतो. दुसरी, उन्हाळ्यात पुरेशी ऊबच नसणं, ज्यामुळे घड लागतो पण आंबटच राहतो. हिमरॉड बहिणीपेक्षा काटक आहे. अमेरिकी कृषी खात्याने (यूएसडीए) हिवाळ्यातल्या नीचांकावरून पाडलेल्या पट्ट्यांपैकी झोन ५मध्ये आडोशाच्या जागी ती लावता येते. इंटरलेकन थंडीला तिच्याहून नाजूक, पण साधारण आठवडाभर आधी पिकते. म्हणून सिअ‍ॅटलसारख्या मवाळ हिवाळ्याच्या, पण थंड उन्हाळ्याच्या भागात इंटरलेकन घ्यावी, आणि न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात हिमरॉड. झोन ४मध्ये, म्हणजे पारा उणे ३० सेल्सिअसच्या खाली जातो तिथे, दोन्हींचा नाद सोडून सॉमरसेट सीडलेस बघावी.

छाटणी मात्र दोन्हींची सारखीच, आणि महाराष्ट्रातून गेलेला माणूस चुकतो तो इथेच. आपल्याकडे वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन. तिथे बर्फात वेल झोपलेली असते. छाटणी एकच, कडाका ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. दोन-दोन डोळ्यांवर आखूड छाटू नका. थॉम्पसनचा गुण इथेही उतरलाय: काडीच्या (गेल्या हंगामात वाढलेल्या फांदीच्या) बुडाचे डोळे बहुधा वांझ. जमिनीपासून ९० आणि १८० सेंटिमीटरवर दोन तारा घ्या, प्रत्येक तारेवर दोन्ही बाजूंना १० ते १२ डोळ्यांची एकेक काडी, आणि तिच्या बुडाशी पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांचा खुंट. दोन वेलींत अडीच मीटर अंतर. काप ओला राहून पाणी गळलं तरी घाबरू नका.

काड्या ठरवण्याआधी डोळे तपासा. टोकाकडच्या, तशाही काढून टाकायच्या भागावरचे १० डोळे धारदार पात्याने आडवे चिरा. मधला कोंब हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी काळपट असेल तर मेला. १० पैकी पाच मेले असतील तर नेहमीच्या दुप्पट डोळे ठेवा. शेजारचे दुय्यम कोंब फुटतात, पण त्यांवर घड कमी येतात.

खोडं दोन वाढवावीत. एक गोठून चिरलं तर दुसरं असतं. जुलैनंतर नत्र देऊ नये, नाहीतर काडी हिरवीच राहते, पिकून लाकडासारखी होत नाही, आणि पहिल्याच कडाक्यात जळते.

इंटरलेकनचे मणी फुगवायचे तर मणी चार-पाच मिलिमीटरचे असताना फळकाडीच्या सालीचं चार मिलिमीटर रुंद वलय काढतात. हे गर्डलिंग खोडावर नको, खुंटाच्या पलीकडे काडीवरच करा. जखम भरली नाही तर फक्त काडी जाते. तेवढी खटपट नको असेल तर दर फुटीला एकच घड ठेवा आणि त्याचा खालचा एक तृतीयांश भाग कापून टाका.

पूर्वेकडच्या दमट उन्हाळ्यात दोघींचा शत्रू एकच, ब्लॅक रॉट हा बुरशीचा रोग. त्यात मणी आधी डागाळतात, मग मनुक्यासारखे काळे सुरकुततात. ते वेलीवर किंवा खाली राहिले तर पुढच्या वसंतात तिथूनच रोग उठतो. छाटणीच्या वेळी एकूण एक वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पिकलं का हे बघताना घडाच्या शेंड्याचा मणी चाखा. तो सर्वांत शेवटी गोड होतो, आणि तोडल्यावर द्राक्षाची गोडी वाढत नाही.