न्यूयॉर्क सबवेचा रोल: गाडीतला आणि भिंतीवरचा

काळ्या पार्श्वभूमीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत एकाखाली एक रचलेली न्यूयॉर्कची ठिकाणं, भोवती लाकडी चौकट, कडांना जरासा पिवळटपणा. 'व्हिंटेज सबवे साइन' म्हणून ऑनलाइन शोधलं की असे फोटो ढिगाने येतात. त्यातले काही खरोखर गाडीतून निघालेले, गाडीचं ठिकाण दाखवणारे रोल असतात, बाकीचे घरसजावटीसाठी छापलेले कॅनव्हास. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, आणि विकणाऱ्यालाही पुष्कळदा फरक ठाऊक नसतो.

गाडीतला रोल एका वेळी एकच ओळ दाखवण्यासाठी बनवलेला असतो, तर भिंतीवरची पाटी सगळ्या ओळी एकदम दिसाव्यात म्हणून. ओळखीच्या जवळजवळ सगळ्या खुणा या एका फरकातून निघतात, त्यामुळे खुणांची यादी पाठ करण्यापेक्षा रोल चालायचा कसा हे समजून घेणं जास्त उपयोगी.

बेस्टच्या जुन्या बसवर कापडी पट्टा फिरवून ठिकाण बदलायचे, तोच हा प्रकार. डब्याच्या खिडकीजवळ किंवा टोकाला एक उथळ खोकं, त्यात वर एक आणि खाली एक रूळ, आणि दोन्हींवर गुंडाळलेला लांबच लांब पट्टा. मागे दिवा, पुढे काच, हाताने फिरवायची किल्ली. हवी ती ओळ काचेसमोर आली की थांबायचं. उरलेल्या ओळी अंधारात गुंडाळलेल्या. जुने पट्टे सुती कापडाचे, बाजारात ज्याला सरसकट 'लिनन' म्हणतात. नंतरचे मायलारचे, म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचे.

आता लांबीचा हिशेब करा. एका ओळीला ५ इंच धरले आणि ४० ओळी धरल्या तर २०० इंच होतात, म्हणजे साडेसोळा फुटांहून जास्त. अखंड रोल म्हणजे लांबलचक, अरुंद, घरात टांगायला गैरसोयीची वस्तू. २४ बाय ३६ इंच हे तर पोस्टर छपाईचं ठरीव माप. चौकटीतला तुकडा बरोबर त्या मापाचा असेल, वर-खाली सारखी मोकळी जागा सोडलेली असेल आणि पहिली-शेवटची ओळ नीट बसलेली असेल, तर संशय घ्यायला हरकत नाही.

ओळींची मांडणी त्याहून जास्त बोलते. सजावटीच्या पाटीत प्रत्येक नाव डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ताणलेलं असतं. आखूड नाव मोठ्या अक्षरांत, लांब नाव बारीक, जेणेकरून सगळं मिळून एक घट्ट चौकोन दिसावा. गाडीतल्या रोलवर असं करण्याचं काही कारणच नाही. तिथे अक्षरांची उंची खिडकीने ठरवलेली. 'कनार्सी'सारखं नाव मध्ये बसतं आणि दोन्हीकडे काळी जागा उरते. लांब नावाची अक्षरं उंची तीच ठेवून अरुंद केलेली असतात. दोन ओळींमध्येही काळी पट्टी बऱ्यापैकी रुंद लागते, नाहीतर शेजारची ओळ खिडकीच्या कडेतून डोकावेल. ओळी एकमेकींना चिकटून असतील तर तो पट्टा कुठल्याही खोक्यात चालला नसता.

नावं कोणती आहेत तेही वाचा. गाडीला पर्यटनस्थळं दाखवायची नसतात, गाडी कुठे संपते ते दाखवायचं असतं. खऱ्या रोलवर वुडलॉन, पेलम बे पार्क, डायर अव्हेन्यू, न्यू लॉट्स अव्हेन्यू, यूक्लिड अव्हेन्यू, लेफर्ट्स, फार रॉकअवे, २०७ स्ट्रीट अशी नावं येतात. शहराबाहेरच्या माणसाला यातली निम्मी ऐकूनही माहीत नसतात. सोबत 'स्पेशल', 'शटल', 'नॉट इन सर्व्हिस' आणि मध्येच कोरी काळी जागा. सजावटीच्या पाटीवर मात्र सोहो, ट्रायबेका, चायनाटाउन, सेंट्रल पार्क, ग्रीनिच व्हिलेज. यातलं काहीही सबवेचं शेवटचं स्थानक नाही. पण टाइम्स स्क्वेअर दिसलं म्हणून लगेच नकली ठरवू नका. सेव्हन क्रमांकाची गाडी सप्टेंबर २०१५ मध्ये हडसन यार्ड्सपर्यंत जाईपर्यंत तिथेच संपत होती, आणि शटल आजही तिथूनच सुटते.

वस्तू हातात आली की पहिली चाचणी उजेडाची. मोबाइलचा टॉर्च मागून धरा. अक्षरांतून उजेड आला पाहिजे आणि काळ्यातून अडला पाहिजे, कारण रात्री मागचा दिवा लावून ती ओळ वाचायची असे. सजावटीच्या कॅनव्हासला शाईखाली पांढरा अस्तर-थर असतो. त्यावर टॉर्च धरला तर अक्षरं आणि काळं दोन्ही सारखंच मिणमिणतं, किंवा काहीच दिसत नाही. मग दहापट भिंग घेऊन अक्षराची कड बघा. इंकजेट छपाईत कडेला रंगीत ठिपक्यांची धूळ दिसते, आणि काळ्या रंगातसुद्धा बऱ्याचदा निळे, लाल, पिवळे ठिपके मिसळलेले असतात. स्क्रीनने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, छापलेल्या रोलवर काळा म्हणजे सलग काळा, कडेला थोडा जाड, कापडाच्या विणीत किंचित उतरलेला.

झीज नक्कल करणारेही आणतात, पण ती कुठे आणायची ते त्यांना कळत नाही. खरा पट्टा वर-खाली सरकतो, म्हणून ओरखडे उभे असतात आणि रुळावर वळून पडलेल्या चुण्या आडव्या. जी ओळ वर्षानुवर्षं काचेसमोर राहिली तेवढीच उन्हाने पिवळी किंवा फिकी पडलेली असते. शेजारच्या ओळी ताज्या. हा विषमपणा फार मोलाचा आहे. सगळीकडे सारखे शिंतोडे, सारखे ओरखडे, सारखा चहाच्या रंगाचा पिवळेपणा दिसला तर ती झीज संगणकावर केलेली असते. मायलारवर काळ्या शाईत टाचणीएवढी भोकं पडून त्यातून उजेड ताऱ्यांसारखा दिसतो. ते चांगलं लक्षण आहे, दोष नव्हे.

शेवटी टोकं आणि पाठ. अखंड रोलच्या दोन्ही टोकांना रुळाला चिकटवायची कोरी लांबी असते. तिच्यावर खिळ्यांची किंवा स्टेपलची भोकं, चिकटपट्टीचा वाळलेला गोंद. पाठीमागे धूळ आणि काजळी. विक्रेत्याला पाठीचा आणि दोन्ही टोकांचा फोटो मागा. तो देण्यात चालढकल झाली तर पुढे जाऊ नका.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे आणि सर्वांत जास्त वाद त्यावरच होतात: खरा रोल पाच-सहा ओळींचे तुकडे करून चौकटीत बसवलेला. तो खोटा नाही. पण टोकं गेलेली असतात, तारीख काढायला लागणाऱ्या बाकीच्या ओळीही गेलेल्या असतात, म्हणून किंमत अखंड रोलच्या प्रमाणात धरणं चूक. आणि एक नेहमीची गल्लत: बसचा रोल सबवेचा म्हणून विकणं. अक्षराला जोडून मोठा आकडा असेल, जसं एम १५, बी ४४, क्यू ६०, तर तो बसचा मार्ग आहे.

छापला कधी?

खरा आहे एवढं ठरलं की खरी मजा सुरू होते. विक्रेते '१९४०चा', '१९५०चा' असं ठोकून देतात, पण तारीख रोल स्वतःच सांगतो. नियम एकच: रोलवरची सर्वांत नवी ओळ खालची मर्यादा ठरवते. वरची मर्यादा काढणं अवघड, कारण जुना रोल पुढे वर्षानुवर्षं गाडीत राहायचा. उलट, कधीच न धावलेल्या मार्गांची अक्षरंही कधीकधी आगाऊ छापून ठेवलेली सापडतात.

सबवे मुळात तीन वेगवेगळ्या संस्थांची होती. आयआरटीची १९०४ मध्ये सुरू झाली, बीएमटी ब्रुकलिनकडून वाढली, आणि शहराची स्वतःची आयएनडी १९३२ मध्ये आली. १९४० मध्ये तिन्ही एकत्र झाल्या. अक्षरं आयएनडीने आणली: एक अक्षर म्हणजे जलद, तेच दोनदा म्हणजे धिमी. ए जलद, एए धिमी. आयआरटीच्या गाड्यांवर आकडे १९४८ पासून आले. बीएमटीचेही आकडे होते, आणि इथेच नवे संग्राहक फसतात. १९२५ ते १९२८ दरम्यान बनलेल्या आणि १९६५ पर्यंत धावलेल्या बीएमटीच्या ट्रिप्लेक्स गाड्यांवर 'चार' म्हणजे सी बीच मार्ग. आजच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या चारशी त्याचा संबंध नाही. शेजारी ब्रायटन, वेस्ट एंड अशी नावं असतील तर तुमच्या हातात बीएमटीचा, म्हणजे कितीतरी जुना तुकडा आहे.

२६ नोव्हेंबर १९६७ ही तारीख पाठ करावी. त्या दिवशी क्रिस्टी स्ट्रीटची जोडणी, म्हणजे बीएमटी आणि आयएनडीचे रूळ जोडणारा भुयारी दुवा, सुरू झाली, मार्गांची फेरमांडणी झाली आणि प्रत्येक मार्गाला रंग मिळाला. एनएक्स, क्यूजे, ईई ही अक्षरं त्याच फेरमांडणीतली. क्यूजे १९७३ पर्यंत टिकला, ईई १९७६ पर्यंत, एनएक्स तर एप्रिल १९६८ मध्येच बंद झाला. म्हणून रोलवर एनएक्स दिसला की छपाईचा काळ फारच नेमका कळतो.

१९७९ मध्ये रंगांचं तत्त्व बदललं. आधी मार्गागणिक रंग, नंतर मॅनहॅटनमधल्या मुख्य मार्गिकेनुसार. चार, पाच, सहा हे तिन्ही हिरवे असतील तर रोल १९७९ नंतरचा. तिन्ही वेगळ्या रंगांचे असतील तर १९६७ ते १९७९ मधला. १९८५च्या मे महिन्यात दुहेरी अक्षरं गेली: सीसीचा सी, जीजीचा जी, एलएलचा एल, आरआरचा आर, क्यूबीचा क्यू, आणि एएचा के. तो के १९८८ अखेर बंद पडला. म्हणजे दुहेरी अक्षरं असलेला रंगीत रोल १९६७ ते १९८५ मध्ये छापलेला. अलीकडची एक खूण: एम तपकिरी असेल तर छपाई जून २०१०च्या आधीची, नारिंगी असेल तर नंतरची.

ठिकाणांच्या नावांवरून तारीख काढताना घाई करू नका. '१६८ स्ट्रीट' दिसलं की लोक १९७७ पूर्वीचा म्हणून दर वाढवतात, कारण जमैका या न्यूयॉर्कमधल्याच भागाच्या उन्नत मार्गाचं ते टोक त्या वर्षी बंद झालं. पण मॅनहॅटनमध्येही १६८ स्ट्रीट आहे आणि तिथे गाड्या आजही संपतात. सोबत 'जमैका' लिहिलेलं असेल तरच तो पुरावा. 'हडसन टर्मिनल' मात्र भरवशाचं: वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आधीचं नाव. ओळीवर नवी ओळ चिकटवलेली किंवा शिवलेली असेल तर मूळ पट्टा आणि ठिगळ यांची तारीख वेगवेगळी काढायची.

कागदोपत्री खात्री हवी असेल तर न्यूयॉर्कची परिवहन संस्था, एमटीए, भंगारात निघालेल्या वस्तू स्वतः विकते. तिथून आलेल्या रोलची पावती जपून ठेवावी. तुलना करायला ब्रुकलिनमधलं ट्रान्झिट म्युझियम उत्तम. बंद पडलेल्या कोर्ट स्ट्रीट स्थानकात जुन्या गाड्या उभ्या आहेत आणि रोल आपापल्या खोक्यांत आहेत.

घरी आणल्यावर

पार्सल आल्या आल्या उलगडू नका. थंडीतून आलेला मायलार कडक असतो आणि कापडावरचा जुना रंग ठिसूळ. एक दिवस खोलीच्या तापमानाला ठेवा, मग स्वच्छ चादरीवर दोन-दोन फूट उलगडत जा, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, म्हणजे ओळींचा क्रम नोंदला जातो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. हातमोजे घाला, रंग खरवडू नका, घासू नका.

कापडाला पाणी लावायचं नाही. मऊ ब्रशने धूळ झाडून व्हॅक्यूमच्या नळीला जाळीचं कापड लावून ओढून घ्यायची. मायलार किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसता येतो, तोही आधी टोकाच्या कोऱ्या भागावर तपासून. स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन लावला तर शाईच निघून येईल. जुन्या चिकटपट्ट्या ओढून काढण्याचा मोह टाळा, त्यांच्यासोबत अक्षरही येतं.

घडी कधीच घालू नये. तीन इंच किंवा त्याहून जाड, आम्लरहित नळीवर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं. रंग आत ठेवला तर तो दाबला जाऊन तडकतो. मायलारच्या थरांमध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, नाहीतर उन्हाळ्यात शाई मागच्या थराला चिकटते. मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर सुती रोलवर पावसाळ्यात बुरशी येणारच असं धरून चाला: सिलिका जेल, महिन्यातून एकदा पाहणी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद अजिबात नको.

मागून उजेड देऊन लावायचा असेल तर एलईडी पट्टी, मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक, आणि दिव्यापासून निदान दोन इंच अंतर. पिवळा गरम बल्ब वापरला तर त्याच जागी कापड करपतं. अखंड रोल कापू नका. चौकटीपेक्षा दोन रुळांचं उथळ खोकं करून घ्या, सुताराला ते जमतं, आणि हवी ती ओळ फिरवून आणता येते.