फ्रँचायझीतला नवा सिनेमा जोखणं

एकच पात्र किंवा एकच जग धरून वर्षानुवर्षं सिनेमे येत राहतात, त्याला फ्रँचायझी म्हणतात, आणि अशा मालिकेत नवीन सिनेमा आला की तो चांगला की वाईट हे ठरवताना जी ओढाताण होते तिच्याबद्दलची ही नोंद आहे. सुटा सिनेमा बघून माणूस 'बरा आहे', 'टाइमपास आहे', 'झोप आली' असं काहीतरी सांगून मोकळा होतो. पण जेम्स बाँडचा पंचविसावा सिनेमा (२०२१) बघायला बसलेल्याच्या डोक्यात आधीचे चोवीस असतात, सगळे नसले तरी पाच-सहा नक्की असतात, आणि पडद्यावरच्या सिनेमाबरोबर ते पण चालू असतात. म्हणून एकाच 'कसा वाटला?' मध्ये खरं तर तीन प्रश्न कोंबलेले असतात. सिनेमा म्हणून कसा आहे, या मालिकेत शोभतो का, आणि मला पहिल्यांदा जसं वाटलं होतं तसं परत वाटलं का. तिसरा कुणी उघडपणे विचारत नाही पण भांडणं सगळी त्याच्यावरूनच होतात.

'ओरिजिनल' म्हणजे नक्की कुठला?

नवीन पार्ट आला की ठरलेलं वाक्य असतं, 'ओरिजिनलची मजा नाही राव.' हे म्हणणाऱ्याला विचारून बघा की ओरिजिनल शेवटचा कधी बघितला होता. कारण गंमत अशी आहे की मालिकेची म्हणून जी ओळख आपल्या डोक्यात असते ती बऱ्याचदा पहिल्या सिनेमात नसतेच. मॅड मॅक्स म्हटलं की वाळवंट, पेट्रोलसाठी मारामाऱ्या, विचित्र गाड्या घेऊन फिरणाऱ्या टोळ्या हे डोळ्यासमोर येतं ना, पण १९७९ च्या पहिल्या मॅड मॅक्समध्ये मॅक्स चक्क नोकरी करणारा पोलीस आहे, त्याला बायको आहे, लहान मूल आहे, डांबरी रस्ते आहेत, आजूबाजूला हिरवळसुद्धा दिसते. ते उजाड जग आलं १९८१ च्या दुसऱ्या सिनेमात. फ्रायडे द थर्टीन्थ या भयपटांच्या मालिकेचं तर अजून भारी, तिचा ओळखीचा खुनी म्हणजे जेसन, पण १९८० च्या पहिल्या सिनेमात खून करणारा जेसन नाहीच, त्याची आई आहे, आणि तो प्रसिद्ध हॉकीचा मास्क आला १९८२ ला, तिसऱ्या पार्टमध्ये. बाँडची ती करामती अ‍ॅस्टन मार्टिन गाडीसुद्धा पहिल्या सिनेमात (डॉ. नो, १९६२) नाही, ती १९६४ च्या गोल्डफिंगरमधली, म्हणजे तिसऱ्यातली.

तर ज्याला आपण ओरिजिनल म्हणतो ती गोधडी असते, चार-पाच सिनेमांतले आवडते तुकडे घेऊन आपणच शिवलेली. कंटाळवाणे तुकडे आपण त्यात घेत नाही. आणि मग नवीन सिनेमा दोन-सव्वादोन तास सलग, त्याच्या सगळ्या रटाळ जागांसकट, या गोधडीसमोर उभा करतो. ही मॅच आधीपासूनच फिक्स असते. त्यामुळे निकाल द्यायच्या आधी जुना सिनेमा एकदा खरोखर परत बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो जवळपास कुणीच करत नाही.

वारसा कसा वापरला

जुन्या खुणा नव्या सिनेमात किती आहेत हे मोजण्यात अर्थ नसतो, त्या कशासाठी आणल्यात हे बघायचं असतं. याचं एकदम जवळचं उदाहरण बाँडचेच दोन लागोपाठचे सिनेमे. २००२ चा डाय अनदर डे हा विसावा, मालिकेची चाळीस वर्षंही तेव्हाच झालेली, त्यामुळे आठवणींची नुसती रेलचेल होती. एका सीनमध्ये तर बाँडला करामती वस्तू पुरवणाऱ्या क्यूच्या गोदामात जुन्या सिनेमांतला जेटपॅक आणि चाकू लपवलेला बूट ठेवलेला दिसतो, नायिका समुद्रातून तशीच बाहेर येते जशी १९६२ च्या डॉ. नोमधली नायिका आली होती. बघताना ओळखलं म्हणून बरं वाटतं आणि तिथेच संपतं. शिवाय त्यात ती गायब होणारी गाडी, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

चार वर्षांनी कसिनो रॉयाल आला, डॅनियल क्रेगचा पहिला, आणि तो रिलीज व्हायच्या आधीच काही फॅन्स बहिष्काराची भाषा करत होते, का तर हा बाँड सोनेरी केसांचा. त्या सिनेमात बाँड पत्त्यांच्या टेबलावर प्रचंड पैसे हरतो, तणतणत बारपाशी येतो, मार्टिनी मागतो. बारमन विचारतो शेक करून देऊ की ढवळून, म्हणजे मालिकेतला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला प्रश्न, आणि बाँड त्याच्यावर खेकसतो की मला काय फरक पडतो. थिएटरात हसू येतं, पण त्याच वेळी कळतं की हा माणूस अजून 'तो' बाँड झालेला नाही. आपलं नाव सांगायची ती ठरलेली स्टाइल आणि ती फेमस धून, दोन्ही सिनेमाने दाबून ठेवलेत, एकदम शेवटी देतो. तोपर्यंत ते त्याने कमावलेलं असतं. खुणा जुन्याच होत्या, गोदामात ठेवलेल्या आणि कामाला लावलेल्या एवढाच काय तो फरक.

याच कारणासाठी 'फॅन सर्व्हिस', म्हणजे चाहत्यांना खूश करायला टाकलेल्या गोष्टी, हा शब्द सरसकट शिवीसारखा वापरणं चुकीचं आहे असं माझं मत.

सारखेपणा आणि वेगळेपणा, दोन्हीकडून मार

स्टार वॉर्सच्या २०१५ च्या सिनेमावर आरोप झाला की हा १९७७ च्या पहिल्याच सिनेमाची कॉपी आहे, वाळवंटी ग्रहावरचं पोरगं, रोबोटमध्ये लपवलेली माहिती, ग्रह उडवणारं शस्त्र, सगळं तेच. त्या सिनेमाच्या शेवटच्या सीनमध्ये रे ही मुलगी कड्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या ल्यूकसमोर, म्हणजे जुन्या सिनेमांच्या नायकासमोर, त्याची जुनी लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) धरते आणि पडदा पडतो. पब्लिक दोन वर्षं वाट बघत बसलं की आता तो ती घेणार आणि काहीतरी भव्य होणार. २०१७ च्या पुढच्या सिनेमात तो ती घेतो, बघतो, आणि खांद्यावरून मागे फेकून देतो. झालं, अर्धे लोक म्हणाले वा काय धाडस, अर्धे म्हणाले आमच्या बालपणाचा अपमान. आधी सारखा म्हणून मार, मग वेगळा म्हणून मार.

हॅलोवीनच्या तिसऱ्या पार्टचं (१९८२) हाल तर याहून वाईट झालं. पहिले दोन मायकल मायर्स या मास्कवाल्या खुन्याचे होते आणि बनवणाऱ्यांचा विचार असा की आता दर वेळी वेगळी गोष्ट सांगू, त्यामुळे तिसऱ्यात मायकल नाहीच, दिसतो तो टीव्हीवर पहिल्या सिनेमाच्या जाहिरातीत तेवढाच. लोक चिडले. १९८८ ला चौथा आला तो मायकल परत आला असं नावातच लिहून आला. आज मात्र त्या तिसऱ्या पार्टचे कट्टर चाहते आहेत, आणि सुटा सिनेमा म्हणून बघितला तर तो मजेशीर आहेच. पण पोस्टरवर ते नाव लावून तिकीट विकलंत तर लोकांनी मायकलला शोधणं हे काही चूक नाही, इथे मला त्या वेळच्या प्रेक्षकांची बाजू पटते.

प्रत्येक मालिकेकडून नावीन्य मागितलं जातं असंही नाही. जपानमधल्या तोरा-सान मालिकेत १९६९ ते १९९५ दरम्यान कियोशी आत्सुमी या नटाने ४८ सिनेमे केले, आणि जवळपास सगळ्यांत गोष्ट एकच, भटका विक्रेता घरी येतो, घरच्यांशी वाजतं, कुणाच्या तरी प्रेमात पडतो, ते काही जमत नाही, परत निघून जातो. तिथे 'तेच तेच दाखवतात' ही तक्रारच लागू पडत नाही. तिथे बघायचं की यावेळची नायिका कोण, यावेळी कुठलं गाव, आणि तो नकार या वेळी कसा पचवतो. उलट गॉडझिलामध्ये काहीही चालतं. १९५४ चा पहिला सिनेमा अणुचाचण्यांच्या सावलीतला, गंभीर आणि काळाकुट्ट, पुढे सत्तरच्या दशकापर्यंत तोच राक्षस पोरांचा लाडका हिरो होऊन बसला. २०२३ च्या शेवटी जपानी गॉडझिला मायनस वन आला, युद्धानंतरची पडझड आणि अपराधी भावना, त्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं, आणि २०२४ च्या मार्चमध्ये हॉलिवुडचा गॉडझिला किंगकाँगच्या जोडीने कुस्त्या खेळायला हजर. दोन्ही चालले. ज्याने एकाच फूटपट्टीने दोन्ही मोजले त्याला दोनातला एक फालतू वाटणारच.

आकडे

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटची टक्केवारी म्हणजे मार्क नव्हेत, किती टक्के समीक्षकांनी पसंती दिली तेवढंच ते सांगतं. सगळ्यांनी 'ठीक आहे, बघा' म्हटलं तरी १०० टक्के येतात आणि निम्म्यांनी डोक्यावर घेतला व निम्म्यांनी आपटला तर ५०. फ्रँचायझीचे सिनेमे पहिल्या प्रकारात फार बसतात, सुरक्षित, नीटनेटके, कुणालाच न खटकणारे. सिनेमास्कोअर ही कंपनी पहिल्या दिवशी थिएटरातल्या प्रेक्षकांकडून ग्रेड घेते, पण मालिकेच्या सिनेमाला पहिल्या दिवशी येतात ते फॅनच, त्यामुळे ग्रेड जरा चढाच असतो. वर सांगितलेल्या २०१७ च्या स्टार वॉर्सला समीक्षकांकडून ९० टक्क्यांच्या वर, सिनेमास्कोअरमध्ये ए, आणि रॉटन टोमॅटोजवरच्याच प्रेक्षकांच्या मतांमध्ये पन्नाशीच्याही खाली असे तीन निकाल लागले. २०१९ पासून रॉटन टोमॅटोजवर सिनेमा रिलीज व्हायच्या आधी प्रेक्षकांच्या कॉमेंट घेणं बंद झालं, यावरून काय चाललं होतं ते समजून घ्या. पहिल्या वीकेंडचा गल्ला हा आधीच्या पार्टवरच्या विश्वासाचा असतो, या सिनेमाचं खरं काय ते दुसऱ्या वीकेंडला कळतं.

ठोकताळे पण असतात. स्टार ट्रेकचे सम नंबरचे सिनेमे चांगले आणि विषम नंबरचे वाईट असं फॅन मंडळी वर्षानुवर्षं सांगायची. मग २००२ ला दहावा आपटला आणि २००९ ला अकरावा जोरात चालला, तेव्हापासून तो नियम कुणी फारसा काढत नाही.

आधीचं पुसून टाकणं

कधीकधी नवीन सिनेमा स्वतःच ठरवतो की मला कुणाशी तोलायचं. २०१८ चा हॅलोवीन १९७८ च्या पहिल्यानंतर थेट सुरू होतो, मधलं सगळं झालंच नाही असं धरून. १९९८ ला पण असंच चार ते सहा पार्ट वगळून झालेलं. २०१९ च्या टर्मिनेटरने १९९१ च्या दुसऱ्यानंतरचे सगळे बाजूला टाकले. यात सोय आहे तसा धोकाही आहे, नापास झालेले भाऊ खोडले की तुलना थेट वर्गातल्या पहिल्या नंबरवाल्याशीच होते.

निकाल बदलतात

रिलीजच्या आठवड्यातला निकाल कच्चा धरावा. १९८० च्या एम्पायर स्ट्राइक्स बॅकला तेव्हा संमिश्र रिव्ह्यू आले होते आणि आता बाकीचे स्टार वॉर्स त्याच्याच मापाने मोजतात. १९६९ ला शॉन कॉनरीच्या जागी जॉर्ज लेझेनबी बाँड झाला, सिनेमाने आधीच्यापेक्षा कमी धंदा केला, शेवट बाँडच्या बायकोच्या खुनावर, आणि पुढच्या सिनेमाला कॉनरीला परत बोलावून आणलं. लेझेनबीचा तो एकच बाँड. बरीच वर्षं तो सिनेमा म्हणजे मालिकेतली चूक असंच बोललं जायचं, हळूहळू मत फिरत गेलं, आणि २०२१ ला क्रेगच्या शेवटच्या बाँडमध्ये मेकर्सनी त्याच १९६९ च्या सिनेमातलं लुई आर्मस्ट्राँगचं गाणं शेवटी वाजवलं.